रामसे ७, एको २५, पण सिम्युलेशनमध्ये दोन्ही सारखेच. चुकतंय कुठे?

फेज_हरवला यांचा प्रश्न

एका ट्यूनेबल ट्रान्समॉनचे (सुपरकंडक्टिंग सर्किटचा क्यूबिट, ज्याची फ्रिक्वेन्सी चुंबकीय फ्लक्सने बदलते) आकडे देतो. खाली सगळे काळ मायक्रोसेकंदात आहेत: टी१ म्हणजे क्यूबिट १ वरून ० ला घसरण्याचा, रामसे म्हणजे नुसतं सोडून दिल्यावर फेज टिकण्याचा, आणि एको म्हणजे मध्ये क्यूबिट उलटा करणारा एक पाय पल्स मारून फेज टिकण्याचा.

क्यूबिट स्वीट स्पॉटवर (फ्लक्स शून्य) ५.२ गिगाहर्ट्झ, अनहार्मोनिसिटी (पुढच्या पायरीच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) २५० मेगाहर्ट्झ. रीडआउट रेझोनेटर (ज्यातून क्यूबिट वाचतो) ७ गिगाहर्ट्झला, त्याची लाइनविड्थ (कप्पा) १ मेगाहर्ट्झ. क्यूबिट ० मधून १ मध्ये गेला की रेझोनेटर सरकतो तोही १ मेगाहर्ट्झच. फ्रिजचा तळ १५ मिलिकेल्विन. इनपुट लाइनवर सिग्नल क्षीण करणारे ॲटेन्यूएटर: ४ केल्विनला २० डीबी, १०० मिलिकेल्विनच्या प्लेटवर २० आणि तळाला २०.

स्वीट स्पॉटवर टी१ ४०, रामसे ४२, एको ५०.
फ्लक्स क्वांटमच्या (फ्लक्सचं मूलभूत एकक) ०.१ पटीवर टी१ तेवढाच, पण रामसे ७.२ आणि एको २५.

क्यूटिपमध्ये (क्वांटम सिम्युलेशनची पायथन लायब्ररी) घट घडवणारे दोन कोलॅप्स ऑपरेटर घातले, एक टी१ साठी आणि एक सिग्मा-झेड डीफेझिंगसाठी, म्हणजे फेज हरवण्यासाठी. डीफेझिंगचा दर रामसे ७.२ येईपर्यंत वाढवला. मग त्याच दराने एको चालवला, तर तोही ७.२! मधला पाय पल्स बरोबर लागतोय, ब्लॉख स्फिअरवर (क्यूबिटची स्थिती बाणाने दाखवणारा गोल) काढून बघितलं. आणखी एक गोष्ट खटकते: प्रयोगातला रामसेचा आलेख सुरुवातीला सपाट राहून मग खाली घसरतो, सिम्युलेशनमधला पहिल्या क्षणापासून एक्स्पोनेन्शियल पडतो. कोडमध्ये चूक आहे की समजण्यात?

गाऊसभाऊ

कोड बरोबर आहे. तुम्ही त्याला जे सांगितलंत तेच तो करतोय.

लिंडब्लाडमध्ये (क्यूटिप सोडवतो ते समीकरण) सिग्मा-झेड घातला की तुम्ही क्यूबिटला स्मरणशक्ती नसलेला नॉइज दिलात, म्हणजे व्हाइट नॉइज. या क्षणी बसलेल्या धक्क्याचा पुढच्या क्षणीच्या धक्क्याशी काही संबंध नाही. एको काय करतो? पहिल्या अर्ध्यात जमलेला फेज उलटा करतो आणि दुसऱ्या अर्ध्यात तेवढाच फेज पुन्हा जमून हिशेब शून्य व्हावा अशी अपेक्षा ठेवतो. दुसऱ्या अर्ध्यातला नॉइज पहिल्याला ओळखतच नसेल तर वजाबाकी कशाची होणार? त्यामुळे लिंडब्लाडमध्ये एको आणि रामसे कायम सारखेच येतील, कितीही पल्स मारा.

चिपवरचा फ्लक्स नॉइज तसा नसतो. त्याचा स्पेक्ट्रम साधारण १/एफ (एफ म्हणजे फ्रिक्वेन्सी) असतो, म्हणजे सगळा जोर मंद बाजूला. एका शॉटच्या (एकदा केलेल्या मोजणीच्या) ७-८ मायक्रोसेकंदांत फ्लक्स जवळजवळ हलत नाही, पण पुढच्या काही सेकंदांतल्या शॉटला तो थोडा वेगळा असतो. म्हणजे एकेका शॉटमध्ये फेज शाबूत असतो. आपण ५००० शॉटची सरासरी काढतो तेव्हा वेगवेगळ्या वेगाने फिरलेले बाण एकमेकांना खातात. एको वाचवतो तो हाच भाग. आलेखाचा सपाट खांदाही इथूनच येतो: व्हाइट नॉइजने घट एक्स्पोनेन्शियल, मंद नॉइजने गाऊशियन, घातांकात काळाचा वर्ग.

म्हणून "टी२ (फेज टिकण्याचा काळ) किती?" असं विचारलं की आधी कोणत्या पल्स-क्रमाने मोजलाय ते विचारावं लागतं. पाठ्यपुस्तकातलं १/टी२ = १/(२·टी१) + १/टीफाय (टीफाय म्हणजे नुसत्या डीफेझिंगचा काळ) हे सूत्र दोन्ही घट एक्स्पोनेन्शियल असतील तेव्हाच खरं. गाऊशियन भाग असला की दर नुसते बेरजेत टाकून चालत नाही, आलेखांचा गुणाकार करावा लागतो.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.

पहिलं, फ्लक्सला क्यूबिट किती हळवा आहे. फ्रिक्वेन्सीत अनहार्मोनिसिटी मिळवली की ५.४५ गिगाहर्ट्झ होतात. उतार = (पाय/२) × ५.४५ × साइन ÷ कोसाइनचं वर्गमूळ, कोन पाय × ०.१. उत्तर सुमारे २.७ गिगाहर्ट्झ प्रति फ्लक्स क्वांटम. स्वीट स्पॉटवर हाच उतार शून्य असतो, म्हणून तिथे रामसे ४२.

दुसरं, नॉइजची पातळी. १ हर्ट्झला २ मायक्रो फ्लक्स क्वांटम धरा. अशा चिपवर एक ते काही मायक्रो इतका तो असतोच. उतार गुणिले पातळी गुणिले २पाय = सेकंदाला ३४,००० रेडियन. याला "डी" म्हणू.

शुद्ध एकोचा दर (फक्त फ्लक्स नॉइजचा, लॉग नॅचरल) = डी × √(लॉग २) = डी × ०.८३. काळ ३५.
शुद्ध रामसेचा दर = डी × √(लॉग(१/(२पाय × खालची मर्यादा × काळ))). एका आलेखाला १०० सेकंद लागत असतील तर खालची मर्यादा ०.०१ हर्ट्झ, लॉग साधारण १४.५, वर्गमूळ ३.८. काळ ७.७.

आता याला स्वीट स्पॉटवरची एक्स्पोनेन्शियल घट (५०) गुणा. रामसे ७.२ आणि एको २५. दोन्ही जुळले, आणि मोकळा आकडा एकच होता, २ मायक्रोचा.

त्या लॉगकडे जरा बघा. रामसे तुम्ही किती वेळ सरासरी काढता त्यावर अवलंबून आहे! रात्रभर सरासरी काढलीत तर त्याच चिपचा रामसे थोडा कमी येईल. चिप बिघडलेली नसते, तुम्ही नॉइजचा आणखी मंद भाग आत घेतलेला असतो.

फिट करताना exp लिहून एकच काळ काढू नका. एक्स्पोनेन्शियलचा काळ ५० ला गोठवा आणि गाऊशियनचा मोकळा सोडा. दोन्ही मोकळे सोडलेत तर ते एकमेकांचं काम वाटून घेतात आणि एरर बार बघून रडू येतं.

सिम्युलेशनसाठी सर्वांत सोपं: प्रत्येक शॉटला एक स्थिर डीट्यूनिंग द्या, गाऊशियनमधून उचललेलं. सिग्मा = √२ ÷ शुद्ध रामसेचा काळ, तुमच्यासाठी साधारण २९ किलोहर्ट्झ. हजारभर शॉटची सरासरी काढा.

फेज_हरवला

केलं. रामसे लगेच जुळला, खांद्यासकट. पण आता एको ५० येतोय, मोजलेला २५ आहे. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलो.

गाऊसभाऊ

तसंच व्हायला हवं. डीट्यूनिंग शॉटभर स्थिर ठेवलंत, तर एको ते शंभर टक्के पुसतो. खऱ्या नॉइजमध्ये मधल्या फ्रिक्वेन्सी असतात, शॉटच्या दरम्यान हलणाऱ्या. एकूण काळ "टी" असलेला एको सर्वांत जास्त ऐकतो तो ०.७४/टी या फ्रिक्वेन्सीला. २५ मायक्रोसेकंदांसाठी ती ३० किलोहर्ट्झ. रामसे शून्याजवळचं ऐकतो. एकाच नॉइजला लावलेल्या या दोन वेगळ्या चाळण्या आहेत.

मग ०.०१ हर्ट्झपासून मेगाहर्ट्झपर्यंतचा नॉइज एकदम बनवायचा का? तसं केलंत तर १०० सेकंद, ५० नॅनोसेकंदांची पायरी, म्हणजे २ अब्ज बिंदू. रॅम संपेल. आणि बहुतेक जण इथे जी चूक करतात ती उलटी: फक्त शॉटच्या लांबीएवढा, समजा ४० मायक्रोसेकंदांचा नॉइज एफएफटीने (सिग्नल आणि त्याच्या फ्रिक्वेन्सी यांच्यात ये-जा करणारं गणित) बनवतात. त्यात २५ किलोहर्ट्झच्या खालचं काहीच उरत नाही आणि रामसे खोटा-खोटा सुंदर दिसतो.

दोन भागांत कापा.

जलद भाग: ४०० मायक्रोसेकंदांची खिडकी, ५० नॅनोसेकंदांची पायरी, ८००० बिंदू. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला गाऊशियन रँडम कॉम्प्लेक्स आकडा, त्याला १/√एफ ने गुणा, उलटा एफएफटी. शून्य फ्रिक्वेन्सीचा बिंदू शून्यच ठेवा, नाहीतर भागाकार फुटेल. यातले ६० मायक्रोसेकंदच वापरा, कारण एफएफटीने केलेल्या नॉइजचं शेपूट डोक्याला जोडलेलं असतं.

मंद भाग: ०.०१ हर्ट्झ ते २.५ किलोहर्ट्झ. याचं काम एक स्थिर डीट्यूनिंग करतं. सिग्माचा वर्ग = २ × डीचा वर्ग × लॉग(२,५०,०००). सिग्मा २७ किलोहर्ट्झ निघतो. आधीच्या २९ पेक्षा थोडा कमी, कारण उरलेला वाटा जलद भाग उचलतो.

श्रोडिंगर समीकरण सोडवायची गरजच नाही. नॉइज फक्त सिग्मा-झेडवर आहे, तेव्हा फेज म्हणजे नुसती बेरीज. रामसेसाठी सगळी बेरीज, एकोसाठी पहिला अर्धा वजा दुसरा अर्धा. कोसाइन घ्या, २००० मार्गांची सरासरी, वरून exp(-टी/५०) ने गुणा. नमपायमध्ये (पायथनची गणिती लायब्ररी) पंधरा ओळी. २००० मार्गांना सरासरीतली चूक २ टक्क्यांच्या आसपास राहते.

एक खड्डा: स्पेक्ट्रम एकबाजू धरलाय की दोनबाजू. वरची सूत्रं दोनबाजू धरून आहेत, धन-ऋण दोन्ही फ्रिक्वेन्सींची बेरीज. पॉवरमध्ये २ चा घोळ झाला की काळात √२ चा होतो, आणि तो चिपच्या माथी मारला जातो. पडताळा सोपा आहे: जलद भाग एकटा चालवा, शुद्ध एको ३५ आला पाहिजे.

तळाची_प्लेट

०.१ चं ठरलं, पण स्वीट स्पॉटवरच्या ५० कडे कोणी बघेना. टी१ ४० असेल तर मर्यादा २·टी१ म्हणजे ८०. ८० आणि ५० मधली तूट म्हणजे १३३ चा टीफाय, तोही एकोला न जुमानणारा. फ्लक्सला इथे उतार नाही, तेव्हा माझा पहिला संशय रेझोनेटरमधल्या उष्ण फोटॉनवर.

रेझोनेटरमध्ये एक फोटॉन चुकून शिरला की क्यूबिटची फ्रिक्वेन्सी तुमच्या बाबतीत १ मेगाहर्ट्झने सरकते, तो बाहेर पडेपर्यंत, म्हणजे सरासरी ०.१६ मायक्रोसेकंद. तेवढ्यात फेज एक रेडियन इकडे-तिकडे होतो. फोटॉन कधी येईल याचा नेम नाही.

सरासरी फोटॉन किती, ते तुमच्या ॲटेन्यूएटरवरून काढू. ७ गिगाहर्ट्झ म्हणजे ३३६ मिलिकेल्विन (१ गिगाहर्ट्झला ४८ हे पाठच करून ठेवा).

खोलीच्या तापमानाचे ८९० फोटॉन, ६० डीबीनंतर ०.०००९.
४ केल्विनच्या ॲटेन्यूएटरचे स्वतःचे ११.४, पुढच्या ४० डीबीनंतर ०.००११.
१०० मिलिकेल्विनचे ०.०३६, शेवटच्या २० डीबीनंतर ०.०००४.
तळाचे नगण्य.

बेरीज ०.००२४. डीफेझिंगचा दर = फोटॉन × कप्पा × सरक² ÷ (कप्पा² + सरक²). तुमची सरक आणि कप्पा सारखे, म्हणून अर्धा कप्पा, सेकंदाला ३१.४ लाख. गुणाकार ७५००, काळ १३३.

इतकं नेमकं जुळणं थोडं नशिबाचं आहे. अख्खा कप्पा याच लाइनकडे बघतो असं मी धरलंय, आणि तळाचा ॲटेन्यूएटर खरोखर १५ मिलिकेल्विनला आहे असंही. दुसरं गृहीतक सहसा खोटं असतं. ड्राइव्हची उष्णता त्याच तुकड्यात जिरते, आणि आतली रेझिस्टिव्ह फिल्म तांब्याच्या प्लेटपेक्षा गरम राहते. तिथे ६० मिलिकेल्विन झाले तरी त्याच्याकडूनच ०.००३७ फोटॉन येतात, वरच्या सगळ्या बेरजेपेक्षा जास्त.

काय करायचं:

तळाला १० डीबी वाढवा. हिशेबाने फोटॉन दहापट घटतात. ड्राइव्हची पॉवर तेवढी वाढवावी लागेल, म्हणून तो ॲटेन्यूएटर साध्या कंसात लटकवू नका. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या ठोकळ्यात दाबून बसवा.

आउटपुटची बाजू विसरू नका. ४ केल्विनचा हेम्ट ॲम्प्लिफायर उलट्या दिशेनेही नॉइज ओततो. त्याच्या आणि चिपच्या मध्ये तळाला किमान दोन आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारे) लागतात, प्रत्येकी २० डीबीच्या आसपास. एकच असेल तर इनपुटवर कितीही डीबी लावा, पालथ्या घड्यावर पाणी.

दोन्ही लाइनवर चिपजवळ इन्फ्रारेड फिल्टर, आणि सॅम्पल बॉक्सच्या झाकणाला फट नको. याचा फायदा टी१ लाही मिळतो, कारण इन्फ्रारेडने क्वासीपार्टिकल (सुपरकंडक्टरमधल्या तुटलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्या) तयार होतात.

संशय खरा की खोटा हे फ्रिज न उघडताही कळतं. रेझोनेटरच्या फ्रिक्वेन्सीभोवती मुद्दाम थोडा नॉइज पाठवा, पॉवर वाढवत जा, प्रत्येक वेळी एकोचा दर मोजा. दर पॉवरबरोबर सरळ रेषेत वाढेल. पाठवलेले फोटॉन किती ते क्यूबिटच्या सरकलेल्या फ्रिक्वेन्सीवरून मिळतात. पॉवर शून्य असताना रेषा जिथे कापते तिथून आधीचे फोटॉन.

सीपीएमजीने, म्हणजे पाय पल्सची माळ लावून, हा नॉइज जाणार नाही. तो मेगाहर्ट्झपर्यंत सपाट आहे, तेव्हा पल्स ०.१६ मायक्रोसेकंदांपेक्षा जवळ आणावे लागतील आणि मग पल्सच्याच चुका साठतील. ०.१ फ्लक्सवर मात्र सीपीएमजी चालेल. शुद्ध १/एफ असेल तर गाऊशियन भागाचा काळ पल्सच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो: एका पल्सला ३५, चारला ७० च्या आसपास. ड्राइव्ह एक्सवर सुरू केला असेल तर पाय पल्स वायवर ठेवा. दोन्ही एक्सवर ठेवले तर प्रत्येक पल्सची एक टक्का चूक पुढच्यात मिळत जाते.

पन्नास_हर्ट्झ

१/एफ म्हणून शिक्का मारण्याआधी घरची वीज तपासा.

फ्लक्स लाइनचं म्युच्युअल इंडक्टन्स १ पिकोहेन्री असेल तर एक फ्लक्स क्वांटम म्हणजे २ मिलिअँप. त्यावर २० नॅनोअँपचा ५० हर्ट्झचा हम असेल तर १० मायक्रो फ्लक्स क्वांटम झाले. व्होल्टेज सोर्समागे १ किलो-ओहम लावला असेल तर हा हम फक्त २० मायक्रोव्होल्ट, साध्या ग्राउंड लूपमधून सहज येतो. तुमच्या उताराने तो २७ किलोहर्ट्झचा झोका देतो, बरोबर १/एफच्या सिग्माएवढा! रामसेचा आकडा एकटा बघून दोघांत फरक करता येत नाही.

आकारावरून येतो. साइन-लाटेचं वाटप गाऊशियन नसतं, ती दोन्ही टोकांपाशी जास्त वेळ थांबते. म्हणून घट गाऊशियन न येता बेसेल-फंक्शनसारखी येते: २७ किलोहर्ट्झला साधारण १४ मायक्रोसेकंदांवर शून्याला जाते आणि मग उलट्या चिन्हाने परत वर येते. रामसेची शेपटी अशी परत उठताना दिसली की प्लगकडे बघा.

पक्कं करायला प्रत्येक शॉट मेन्सच्या झिरो-क्रॉसिंगला बांधता येतो, पण मग सेकंदाला ५० च शॉट. ५० बिंदू गुणिले ५००० शॉट म्हणजे तासाच्या वर. त्यापेक्षा शॉट नेहमीच्या गतीने घ्या, प्रत्येकाची मेन्समधली वेळ नोंदवा आणि नंतर आठ गटांत वाटा. गटागटात रामसेची फ्रिक्वेन्सी हलत असेल तर हम आहे. उपाय: बॅटरीवरचा करंट सोर्स, ग्राउंड एकाच जागी, ४ केल्विनला आरसी फिल्टर. पृष्ठभागावरच्या स्पिनमुळे येणारा १/एफ यातल्या कशानेच जात नाही. शिल्डिंगनेही नाही, कारण तो शिल्डच्या आत, चिपवरच बसलेला असतो.

आणि शेपटी बीट देत असेल, जोडीच्या तारा किंचित बेसूर असलेल्या तानपुऱ्यासारखी, तर तो तिसरा प्रकार: दोन फ्रिक्वेन्सींमध्ये उड्या मारणारा एकच बलवान फ्लक्चुएटर, किंवा चार्ज पॅरिटी (सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम). तुमचं ईजे/ईसी (जोसेफसन आणि चार्जिंग ऊर्जांचं प्रमाण) साठच्या आसपास निघतं, पॅरिटीचा फरक ४ किलोहर्ट्झच्या आत, तेव्हा ती शक्यता सोडा. प्रमाण ३० असतं तर हाच फरक अर्धा मेगाहर्ट्झ झाला असता.

बीएस्सी_तिसरं_वर्ष

मध्येच विचारतो, माफ करा. डायल्यूशन फ्रिज नसताना हे कुठे बघता येतं का?

हिऱ्यातली_खोट

येतं. हिऱ्यातलं एनव्ही केंद्र (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा), खोलीच्या तापमानाला. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, २.८७ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह, लाल प्रकाश मोजणारा डिटेक्टर. इथे गोंगाट करतात ते कार्बन-१३ चे न्यूक्लियस, साध्या हिऱ्यात १.१ टक्के. रामसे मायक्रोसेकंदाच्या आसपास, पण एको शेकडो मायक्रोसेकंद टिकू शकतो, म्हणजे एकोचा परिणाम ट्रान्समॉनपेक्षाही ढळढळीत दिसतो.

गंमत अशी की हा एको आधी मरतो आणि मग परत उठतो. कार्बन-१३ चुंबकीय क्षेत्रात ठरलेल्या वेगाने फिरतात, मिलिटेस्लाला १०.७ किलोहर्ट्झ. ५ मिलिटेस्लात एक फेरी १८.७ मायक्रोसेकंदांची. एकोचा प्रत्येक अर्धा भाग बरोबर एवढा किंवा याच्या पूर्ण पटीत ठेवला की दोन्ही अर्ध्यांत नॉइज सारखाच असतो आणि हरवलेला सिग्नल परत येतो. अट एकच: चुंबक एनव्हीच्या अक्षाला नीट लावलेला हवा. तिरका असला की जवळचे न्यूक्लियस वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि ही उठणारी शिखरं बसून जातात.

फेज_हरवला

दोन भागांचा नॉइज चालवला. पहिल्यांदा रामसे ७.२ पण एको १९.५ आला. एकबाजू-दोनबाजूचा तोच २ निघाला. मंद भागाचा सिग्मा सूत्रातून वेगळा घातला होता, म्हणून रामसे बरोबर दिसत राहिला आणि चूक फक्त जलद भागात लपली. दुरुस्तीनंतर जलद भागाचा शुद्ध एको ३५, गुणाकारानंतर २५. मेन्सचे आठ गट करून पाहिले, फ्रिक्वेन्सी हलत नाही. आउटपुटवर आयसोलेटर एकच आहे, दुसरा पुढच्या वॉर्म-अपला.

तळाची_प्लेट

वॉर्म-अपला थांबाल तेव्हा मुद्दाम नॉइज पाठवायची चाचणी आत्ताच घेऊन ठेवा. आयसोलेटर बसवल्यावर तुलना करायला आधीचा आकडा हातात हवा, आणि एको संध्याकाळी घेतलात तर त्याच तासाला टी१ पण घ्या. तो तासागणिक हलतो आणि हिशेबातला ८० त्याच्यावरच उभा आहे.